फर्मॅना लेकलँडचे तीन दिवस: आईबाबांना काय दाखवायचं आणि काय सोडून द्यायचं

तुमचा प्रश्न वाचला. आईबाबा नाशिकहून डब्लिनला येतायत, जूनच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस काढून त्यांना फर्मॅनाच्या लेकलँडला, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडमधल्या तळ्यांच्या भागात न्यायचंय, बाबा ७२ वर्षांचे आणि गुडघे दुखतात, आई ठणठणीत पण पूर्ण शाकाहारी, सोबत तुमची ८ वर्षांची मुलगी, आणि तुम्ही ११ ठिकाणांची यादी टाकून विचारलंय की हे सगळं तीन दिवसांत कसं बसवायचं. मी एनिस्किलनला राहते, पाहुण्यांना छोट्या गाडीतून हा भाग दाखवणं हेच माझं काम, आणि हल्ली मुलांकडे आलेले आपल्याकडचे आईबाबा त्यात बरेच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बसवायचं म्हटलं तर सगळं बसतं हो. अंतरं किरकोळ आहेत, एनिस्किलनपासून तुमच्या यादीतलं एकही ठिकाण तासाभराच्या पलीकडे नाही. पण इथे नुसतं गाडीतून फिरलं की तळं धड दिसतच नाही, आणि यादी करताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं, मग झाडी, मग कोणाचं तरी कुरण, मधेच दोन सेकंद पाणी चमकून जातं. त्यात लॉक अर्न म्हणजे एक गोल तळं असं नाहीये, वरचं आणि खालचं अशी दोन तळी आहेत, त्यांना जोडणारी अर्न नदी, आणि त्या नदीतल्या बेटावर एनिस्किलन गाव. वरच्या तळ्याचा नकाशा उघडून बघा, पाणी कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते तेच कळत नाही, नुसती बेटं, चिंचोळे फाटे आणि लव्हाळी. इथले लोक म्हणतात की अर्धं वर्ष तळी फर्मॅनात असतात आणि उरलेलं अर्धं वर्ष फर्मॅना तळ्यात. तर लोक दिवसभर गाडी चालवतात, सहा पार्किंगमध्ये उतरतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी म्हणतात छान हिरवंगार आहे. म्हणून मी आल्या आल्या हेच सांगते की रोज एकदा तरी पाण्यावर नाहीतर अगदी पाण्याच्या काठाशी जायचं, ते आधी ठरवायचं, त्याचं तिकीट काढायचं, आणि बाकीची ठिकाणं त्याच्या आजूबाजूला लावायची.

पण त्याही आधी व्हिसाचं बघा, कारण अख्खी ट्रिप त्यावर अवलंबून आहे. फर्मॅना यूकेमध्ये येतं. सीमेवर चौकी नाही, गेट नाही, रस्त्याच्या कडेची रेघ बदलते, वेगाच्या पाट्या किलोमीटरवरून मैलात जातात आणि जरा वेळाने कळतं की आपण पलीकडे आलो. कोणी अडवत नाही म्हणून परवानगी लागत नाही असं मात्र समजू नका. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा साधा व्हिसा किंवा आयआरपी कार्ड, म्हणजे आयर्लंडमध्ये राहायचा परवाना, इथे चालत नाही. आईबाबांच्या आयरिश शॉर्ट स्टे व्हिसावर बीआयव्हीएस अशी अक्षरं छापलेली असतील तर ती ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना, मग ते आयर्लंडमध्ये उतरून पुढे इकडे येऊ शकतात. पण बऱ्याच घरांत असं होतं की आईबाबांच्या व्हिसावर ती अक्षरं असतात आणि डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे फक्त आयआरपी, म्हणजे आईबाबांना चालतं आणि गाडी चालवणाऱ्याला यूकेचा वेगळा व्हिसा लागतो. तुम्ही आयरिश नागरिक झाला असाल तर तुमचा प्रश्नच नाही. तुमचं नक्की काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाहीये, तेव्हा आधी स्टिकर बघा आणि दोन्ही सरकारांच्या वेबसाइटवरचे आत्ताचे नियम वाचा. आणि नाहीच जमलं तर मन खट्टू करू नका, तळ्यांच्या ह्याच पट्ट्याचा मोठा भाग रिपब्लिकमध्ये कॅव्हन आणि लीट्रिममध्ये आहे, त्याचं खाली लिहिलंय.

मुक्काम एकाच जागी करा, एनिस्किलनमध्ये किंवा गावापासून दहा-पंधरा मिनिटांवर. रोज हॉटेल बदलायचं म्हणजे रोज सकाळी बॅगा, औषधं, चहाची किटली, सगळं आवरून निघेपर्यंत अकरा वाजतात, आणि इथल्या गुहेच्या आणि बोटीच्या वेळा काही आपल्यासाठी थांबत नाहीत. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी खोलीवर येऊन तासभर पडलं आणि परत सहाला बाहेर पडलं तरी चार तास हातात असतात, ह्याचा तुमच्या आईबाबांना, म्हणजे काका-काकूंना, फार उपयोग होतो. डब्लिनहून गाडीने दोन ते अडीच तास लागतात. रेल्वे नाही, एनिस्किलनची शेवटची गाडी १९५७ मध्ये बंद झाली. डब्लिनहून बस आहे पण बसने आलात तर इथे फिरणार कशाने, गावाबाहेरची बससेवा अगदी विरळ आहे, तेव्हा गाडी हवीच. भाड्याची घेणार असाल तर नॉर्दर्न आयर्लंडला नेणार हे बुकिंग करतानाच सांगा.

आता पहिला दिवस. दुपारपर्यंत पोचाल, तर दुपारची बोट घ्या आणि डेव्हनिश बेटावर जा. एनिस्किलनमध्येच राउंड ओ नावाचा धक्का आहे, तिथून हंगामात मोठी बोट सुटते, पावणेदोन तासांच्या आसपासचा फेरा असतो, बसायला आत काचबंद जागा आहे त्यामुळे पाऊस आला तरी बिघडत नाही. फक्त बुक करताना एक नक्की विचारा, ह्या फेरीत बेटावर उतरवणार की नुसतं लांबून दाखवणार, कारण दोन्ही प्रकार असतात आणि उतरण्यातच सगळी मजा आहे. सहाव्या शतकात संत मोलाइस यांनी तिथे मठ स्थापला, आज उभा आहे तो गोल मनोरा बाराव्या शतकातला. बहुतेक लोक मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहून वर बघतात, फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही जरा लांब, उताराच्या वरच्या बाजूला जाऊन शंकूसारख्या टोपीच्या बरोबर खाली बघा, तिथल्या दगडी पट्टीत चार दिशांना चार माणसांचे चेहरे कोरलेत. मनोऱ्यांवर असं काम सहसा दिसत नाही. मुलीला सांगा चारही शोध, ती गोल गोल पळत शोधते, तोपर्यंत काका निवांत पडक्या भिंतीवर टेकतात. मनोऱ्याचं दार जमिनीपासून बरंच उंचावर आहे, ते का असावं हा प्रश्न प्रत्येक आजोबा विचारतात, आणि संकटात शिडी वर ओढून घेता यावी हे नेहमीचं उत्तर असलं तरी मनोरा मुळात घंटेसाठी होता आणि दार उंच ठेवलं की पाया कमकुवत होत नाही हेही अभ्यासक सांगतात, दोन्ही सांगून टाका. बेटावर गवतातून चढ आहे, फार नाही, पण ओलं असलं की घसरतं, काकांना काठी आणि चांगल्या तळव्याचे बूट हवेत, चपला-सँडल नको.

बोटीचा हा एवढा आग्रह का, तर डेव्हनिश रस्त्यावरूनही दिसतं, लोक तिथून फोटोही काढतात. पण हा सगळा मुलुख जुन्या काळी पाण्याच्या बाजूने वसलेला होता. मठ, वाडे, दफनभूमी, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे, रस्ते नंतर आले. एनिस्किलनचा किल्लासुद्धा पंधराव्या शतकात मॅग्वायर घराण्याने नदीच्या काठावर बांधला तो जलमार्गावर नजर ठेवायला. त्याची ती वॉटरगेट नावाची जोड-बुरुजांची बाजू बोटीतून बघितली की एकदम उलगडते, पार्किंगमधून बघितली तर ते नुसतं एक म्युझियम.

दुसरा दिवस मार्बल आर्च गुहेला द्या, आणि इथे तुमची सगळ्यात जास्त विचारपूस हवी. क्विल्का डोंगरावरून उतरणारे तीन ओढे चुनखडीत शिरून जमिनीखाली गडप होतात, आत एकत्र येतात आणि क्लॅडा नदी म्हणून बाहेर पडतात, ती वाट म्हणजे ही गुहा. १८९५ मध्ये मार्टेल नावाचा फ्रेंच गुहा-संशोधक आणि डब्लिनचा निसर्ग-अभ्यासक जेम्सन मेणबत्त्या आणि कापडी होडी घेऊन आत गेले, लोकांसाठी ती १९८५ मध्ये उघडली. आता हे सगळं युनेस्को जिओपार्कमध्ये, म्हणजे खडक आणि भूरचनेसाठी जपलेल्या प्रदेशात आहे, आणि २००८ मध्ये तो पार्क सीमेपलीकडे कॅव्हनमध्ये वाढवला तेव्हा दोन देशांत पसरलेला जगातला पहिला जिओपार्क ठरला. फेरी तासाभराच्या वर असते, आणि पाणी योग्य असेल तर सुरुवातीला आतल्या नदीवर छोटी होडी असते. पुढे एक पायवाट आहे तिला मोझेस वॉक म्हणतात, पाण्यातूनच वाट काढलीय, दोन्ही बाजूंना बांधासारख्या भिंती आणि पाणी तुमच्या कमरेच्या आसपास उंचीला, तुम्ही मात्र मधून कोरड्या पायाने चालताय. मुलं तिथे हात बाहेर काढून पाण्याला लावतात, तो गारवा त्यांच्या लक्षात राहतो.

आता अडचणी. एक, पाऊस. तुम्ही जाल त्या दिवसाचा पाऊस तेवढा महत्त्वाचा नसतो, आदल्या रात्री डोंगरावर किती पडला ते महत्त्वाचं असतं, कारण तेच पाणी गुहेतून जाणार. जोरदार झाला असेल तर होडी बंद, फारच झाला तर फेरीच बंद, आणि बाहेर मात्र लख्ख ऊन असतं त्यामुळे लोकांना वाटतं उगाच नाही म्हणतायत. म्हणून सकाळी निघण्याआधी फोन करून विचारायचं. आणि तीन दिवसांतला मधला दिवस गुहेला ठेवण्याचं कारण हेच, बंद असली तर तिसऱ्या दिवसाशी अदलाबदल करता येते. दुसरी अडचण काकांच्या गुडघ्यांची. आत जाताना उतार आणि पायऱ्या, आणि शेवटी बाहेर यायला सलग दीडशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. मधे थांबता येतं, कठडा आहे, पण परत फिरायची सोय नाही. काका घरी दोन मजले थांबत थांबत चढत असतील तर गटाच्या शेवटी राहून आरामात होतं. नसेल जमत तर जबरदस्ती करू नका, तुम्ही, काकू आणि मुलगी आत जा, काकांना वरच्या इमारतीत कॉफी आणि माहितीचं दालन आहे. आत बाराही महिने दहा अंशांच्या आसपास असतं, जून असला तरी स्वेटर लागतो.

क्विल्काची लाकडी वाट, जिला सगळे स्टेअरवे टू हेवन म्हणतात, ती तुमच्या यादीत पहिली आहे. ती काढा. फोटोत दिसतात त्या शेवटच्या साडेचारशेच्या आसपास पायऱ्या, पण त्यांच्यापर्यंत पोचायलाच चार-पाच किलोमीटरची खडीची वाट आहे, तेवढंच परत यायचं, वाटेत ना आडोसा ना टॉयलेट, आणि वारा सुटला की वर उभं राहवत नाही. ती लाकडी वाट २०१५ मध्ये केली ती माणसांची सोय म्हणून नव्हे तर खालचा पीटचा, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर वाचवायला. हजारो वर्षं साचलेला ओला थर आहे तो, त्यावर लोक चालले की फाटतो आणि पाऊस त्याला वाहून नेतो. वर गेलात तर फळी सोडून पाऊल टाकू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. तुम्हाला स्वतःला जायचंच असेल तर एका सकाळी लवकर सहाला एकटे जा, पार्किंग आधी बुक करा, दहापर्यंत परत या.

गुहेनंतर त्याच दिवशी फ्लॉरेन्स कोर्ट करा, गुहेपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. तुमच्या यादीत फ्लॉरेन्स कोर्ट आणि कासल कूल अशा नॅशनल ट्रस्ट ह्या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या दोन हवेल्या आहेत. दोन्ही अठराव्या शतकातल्या, दोन्ही सरदारांच्या, आणि एकामागून एक बघितल्या की दुसरीत कोणाचंच लक्ष नसतं, एक निवडा. कासल कूल जास्त भव्य आहे, जेम्स वायट या वास्तुरचनाकाराचं काम, रेखीव आणि जरा थंड. आईबाबांसोबत मी फ्लॉरेन्स कोर्टच निवडते कारण बाग जास्त मोकळी, मागे क्विल्का डोंगर, आणि तिथे एक झाड आहे. आयरिश यू म्हणून सरळ वर जाणारं, खांबासारखं सदाहरित झाड जगभरच्या चर्चच्या आवारात आणि बागांत दिसतं ना, त्या सगळ्यांचं मूळ झाड फ्लॉरेन्स कोर्टच्या रानात उभं आहे. अठराव्या शतकात एका शेतकऱ्याला डोंगरावर दोन रोपं सापडली, एक त्याने स्वतःच्या घरी लावलं ते गेलं, दुसरं मालकाला दिलं ते हे. बी रुजवलं तर तसं उभं झाड येत नाही, फांदी कलम करूनच येतं, म्हणून प्रत्येक आयरिश यू हा ह्याच झाडाच्या फांदीचा वंशज. ते झाड दिसायला आता अगदीच विस्कटलेलं आहे, ओलसर कोपऱ्यात, फोटोत काहीच येत नाही, पण बागकामाची आवड असलेल्या काकू तिथे बराच वेळ रेंगाळतात. घराच्या आतल्या फेरीच्या वेळा मर्यादित असतात, बाग मात्र जवळजवळ रोज उघडी.

तिसऱ्या दिवशी खालच्या तळ्याला गोल वळसा. एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आतच, पण दिवस पुरतो. पूर्व काठाने वर जायचं, कासल आर्चडेलला थांबायचं. आता तिथे झाडी आणि कॅराव्हॅन पार्क आहे, दुसऱ्या महायुद्धात समुद्री विमानांचा तळ होता. बिस्मार्क ही जर्मन युद्धनौका अटलांटिकमध्ये नजरेआड झाली होती, २६ मे १९४१ ला तिला परत शोधून काढलं ते ह्याच तळ्यावरून उडालेल्या कॅटालिना विमानाने, दुसऱ्या दिवशी ती बुडाली. आणि आयर्लंड युद्धात तटस्थ असूनही ह्या विमानांना डोनेगलच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून समुद्राकडे जाऊ द्यायची मुभा आयरिश सरकारने गुपचूप दिली होती. हे सांगितलं की निवृत्त काका मंडळी धक्क्यावरून हलायलाच तयार नसतात. तिथल्याच मरीनावरून उन्हाळ्यात व्हाइट आयलंडला छोटी बोट जाते, पडक्या चर्चच्या भिंतीत दगडी मूर्ती ओळीने उभ्या आहेत, गोल डोळे, मोठी डोकी, बहुधा नवव्या-दहाव्या शतकातल्या, आणि नंतर चर्च बांधताना कोणीतरी त्या चक्क बांधकामाचे दगड म्हणून भिंतीत घातल्या होत्या. बोट चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारा, वारा असला की रद्द होते.

तिथून पुढे बोआ बेट, दोन्हीकडे पूल आहेत त्यामुळे गाडी थेट जाते. कॅल्ड्रा दफनभूमी अशी छोटी पाटी आहे, सहज चुकते, वेग कमी ठेवा. पार्किंगपासून शेताच्या कडेने थोडं चालायचं, गेट आपल्यामागे लावून घ्यायचं, आणि मग हेझलच्या झाडांखाली कलत्या थडग्यांच्या मधे ती दुतोंडी मूर्ती दिसते. गुडघ्याच्या वर येईल एवढीच, पाठीला पाठ लावून दोन चेहरे, टोकदार हनुवट्या, छातीवर फुली मारल्यासारखे हात, खाली कमरपट्टा. दोन्ही डोक्यांच्या मधे एक खळगा आहे, त्यात पावसाचं पाणी साठतं आणि लोक नाणी टाकतात. नाणी टाकू नका, धातूचा गंज दगडात उतरतो. किती जुनी, कोणाची, ह्यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. तिकीट नाही, रखवालदार नाही, कठडा नाही. माझ्या मते अख्ख्या फर्मॅनात फुकट बघण्यासारखं ह्याहून चांगलं काही नाही, आणि बहुतेक लोक सरळ पुढे निघून जातात.

मग बलीक, अगदी सीमेवरचं गाव, तिथली पॉटरी १८५७ पासूनची. कारखान्याची फेरी कामाच्या दिवशी असते, शनिवार-रविवार गेलात तर कारागीर बसलेले दिसणार नाहीत, त्यामुळे तुमच्या तारखा त्याप्रमाणे लावा. मातीच्या बारीक दोऱ्या करून साच्यावर चटईसारख्या विणतात आणि टोपली करतात, पाकळी तळहातावर दाबून फूल करतात, आणि डाग निघाला की तो नग फोडून टाकतात, सेकंड म्हणून विकत नाहीत. तुमच्या मुलीला फेरीतलं हे सगळ्यात जास्त आवडेल बघा.

परतताना पश्चिम काठाने यायचं आणि उजेड शिल्लक असेल तर लॉक नॅव्हर जंगलात शिरून मॅहोच्या कड्यावर जायचं. जंगलातून अकरा किलोमीटरचा एकेरी रस्ता आहे आणि गाडी जवळजवळ कड्यापाशी जाते. खालच्या तळकाठच्या रस्त्यावरून वर चढणारी पायऱ्यांची वाटही आहे, मॅप कधीकधी तीच दाखवतो, ती काकांसाठी नको. वरून खालचं तळं, बेटं, पलीकडे डोनेगलचे डोंगर असं सगळं एका नजरेत येतं, आणि तीन दिवस तुकड्या-तुकड्यात बघितलेलं सगळं तिथे जुळतं, म्हणून मी ते कायम शेवटी ठेवते. संध्याकाळी गेट बंद व्हायची वेळ पाटीवर असते, ती आत शिरतानाच वाचा.

म्हणजे तुमच्या ११ मधून क्विल्का, कासल कूल, टली कासल आणि मोनी कासल गेले. शेवटचे दोन पडके किल्ले वाटेवर आहेत, मुलीला पळायला हवं असेल तर दहा मिनिटं थांबा, नाहीतर सोडा. पहिला दिवस बोट आणि डेव्हनिश, दुसरा गुहा आणि फ्लॉरेन्स कोर्ट, तिसरा खालच्या तळ्याचा वळसा. क्रोम इस्टेट मी मुद्दाम राखीव ठेवलंय. वरच्या तळ्यावरचं ते रान मला स्वतःला फार आवडतं, जुन्या किल्ल्याचे अवशेष, शेजारी शेजारी उभी दोन म्हातारी यू झाडं, पाण्यावर पसरलेली शांतता, पण गाडीने जरा आडबाजूला पडतं. गुहा पूर्ण बंद असली तर तो दिवस तिकडे काढा.

दिवसभर पाऊसच लागला तर एनिस्किलन गावातच राहा. किल्ल्यातली म्युझियमं, बटरमार्केटमधली हस्तकलेची दुकानं, आणि वॉर मेमोरियल. काका विचारतीलच की इथे भांडणं होती ना, तर हो, ८ नोव्हेंबर १९८७ ला ह्याच स्मारकाजवळ स्मरणदिनाच्या कार्यक्रमात बॉम्ब फुटला आणि त्या दिवशी ११ जण गेले. गावात अजून त्या घरांतली माणसं राहतात, तेव्हा हा विषय हॉटेलात मोठ्याने काढू नका, काकांना गाडीत सांगा.

आता व्हिसा नसेल तर. मुक्काम कॅरिक-ऑन-शॅननला किंवा ब्लॅकलायनच्या बाजूला करा, सगळं रिपब्लिकमध्ये. नाशिकच्या माणसांना मी सगळ्यात आधी शॅनन पॉटला नेते. आयर्लंडच्या सगळ्यात लांब नदीचा, शॅननचा, उगम मानला जातो तो, त्याच क्विल्का डोंगराच्या कॅव्हनकडच्या उतारावर, झाडांनी वेढलेला एक गडद पाण्याचा डोह. ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम बघितलेल्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही, इथेही उगमाची एक गोष्ट आहे, शिनन नावाची मुलगी ज्ञानाच्या शोधात निषिद्ध विहिरीपाशी गेली, पाणी उसळलं, तिला घेऊन गेलं आणि नदीला तिचं नाव मिळालं. पुढे पाण्यात रंग सोडून तपासलं तेव्हा हे पाणी डोंगरावर बरंच लांब जमिनीत शिरून खालून इथे येतं असं निघालं. चालणं थोडंच, वाट चांगली. जवळच कॅव्हन बरन पार्क, जंगलात प्राचीन दगडी थडगी आणि हिमनदीने आणून टाकलेल्या शिळा, तिकीट नाही. तिथे जाताना मॅपवर लक्ष ठेवा, तो बऱ्याचदा सीमेपलीकडचा रस्ता काढून देतो.

कॅरिकहून शॅनन नदीवर बोट मिळते, ड्रमशॅनबोला एकर्स लेकवर ६०० मीटरची तरंगती लाकडी वाट आहे, एकदम सपाट, काकांच्या गुडघ्यांना काहीच त्रास नाही. लॉक की फॉरेस्ट पार्कमध्ये झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारी वाट आणि मुलांसाठी भरपूर खेळ. पावसाच्या दिवसाला अरिग्नाची कोळशाची खाण, १९९० मध्ये बंद झाली, आणि तिथे काम केलेले खाणकामगारच गाइड म्हणून आत घेऊन जातात, कोळशाचा थर इतका पातळ की कुशीवर आडवं पडून खणायचे ते दाखवतात. आणि किलीकीन जंगलाकडून लॉक ऊटरमधला क्लॉक ऊटर किल्ला काठावरून बघा, पाण्यात एकटाच उभा असलेला गोल बुरूज, १६४९ मध्ये ओवेन रो ओनील हा आयरिश सेनानी तिथेच वारला. फक्त डेव्हनिश, बोआ आणि मार्बल आर्च ह्या प्लॅनमध्ये नाहीत, एवढं आईबाबांना आधीच सांगा.

जेवणाचं थोडक्यात. आजचं सूप भाजीचं असलं तरी स्टॉक चिकनचा असू शकतो, दरवेळी विचारा. इथली खासियत बॉक्स्टी, किसलेला कच्चा बटाटा, कुस्करलेला उकडलेला बटाटा, मैदा आणि ताक, त्याचा तव्यावरचा प्रकार काकूंना नक्की आवडेल, फक्त बेकनच्या चरबीत भाजत नाहीत ना ते विचारायचं. गावांतली किचनं आठ-साडेआठला बंद होतात, बाहेर उजेड असतो म्हणून फसायला होतं. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, कुकर आणा, रविवारी एनिस्किलनची मोठी दुकानं दुपारी एक ते सहाच उघडी असतात तेव्हा भाजी शनिवारीच भरा. पैसे पाउंडात, युरो काही ठिकाणी घेतात पण भाव बरा मिळत नाही, कार्ड वापरा. संध्याकाळी वारा पडला की पाण्याकाठी मिज नावाच्या बारीक माश्या चावतात, फार्मसीतून क्रीम घ्या. आणि ट्रिप पुढे ढकलावी लागली तर १२ जुलैच्या आसपासचे दिवस टाळा, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये सुट्टी आणि मिरवणुका असतात, रस्ते बंद होतात, बरीच ठिकाणंही.

तारखा नक्की झाल्या आणि व्हिसावर काय छापलंय ते कळलं की इथेच लिहा, बलीकची फेरी आणि डेव्हनिशची बोट कोणत्या वारी लावायची ते मी बघून सांगते.